गोड शिरशिरी

मैत्रिणींनो, कासारीण बांगड्या भरायला बसली की तुमचं काय होतं? ती आपला हात हातात घेते, बोटं जवळ मिटवते, "सैल सोड गं हात" म्हणते आणि किणकिण करत एकेक बांगडी वर सरकवते. त्या वेळी डोक्याच्या मागून मानेवर, तिथून पाठीवरून खाली काहीतरी गोड सरसरत जातं का? डोळे जडावतात का? आमच्या कशेळ्यात मी चार-पाच जणींना हे विचारलं. दोघी "हो, हो!" म्हणून खुदकन हसल्या. बाकीच्या "बाई, बरं आहे ना तुम्हांला?" अशा नजरेनं बघत राहिल्या.

दोन्ही पक्ष बरोबर आहेत, कारण ही शिरशिरी सगळ्यांनाच येत नाही. ज्यांना येते त्यांना पुष्कळदा पाच ते दहा वर्षांच्या वयापासून आठवते. मला वही तपासून घेणारी, टेबलाशी स्तब्ध उभी राहणारी मुलगी दिसली की शंका येतेच!

२०१० साली जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी हिला 'ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स', म्हणजे ए.एस.एम.आर., असं नाव दिलं. नाव जडजंबाल खरं, पण ते मुद्दामच. शास्त्रीय वाटलं की बोलायला संकोच वाटत नाही. २०१५ साली ब्रिटनमधल्या एमा बॅरॅट आणि निक डेव्हिस यांनी अशा ४७५ जणांना विचारलं. शेकडा ७५ जणांना कुजबुजीनं ही शिरशिरी येत होती आणि ६९ जणांना कुणी आपल्याकडे जातीनं लक्ष दिल्यानं. बहुतेकांना त्यातून हवी होती ती झोप आणि मनाची शांतता. कामवासनेसाठी म्हणणारे जेमतेम पाच टक्के. तेव्हा लाजण्यासारखं यात काही नाही. २०१८ साली शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांना तर असंही दिसलं, की अशा माणसांच्या हृदयाचे ठोके त्या वेळी मिनिटाला सुमारे तीनांनी कमी होतात.

मात्र हातापायांना वरचेवर मुंग्या येणं, बधिरपणा वाटणं हे निराळं. त्यात सुख नसतं. साखर किंवा बी-१२ तपासून घ्यावं.

हल्ली याचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं मिळतात. कुणी कुजबुजतं, कुणी कागद चुरगाळतं. झोप येत असेल तर खुशाल ऐका, आवाज तेवढा बारीक ठेवा. पण सुपातले तांदूळ आणि डोक्यातून फिरणारी फणी घरात असताना मला त्याचं फारसं कौतुक वाटत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. कुणीतरी आपल्याकडे सावकाश, पुरतं लक्ष द्यावं, हे बाईच्या वाट्याला कितीसं येतं? लेकरांना थोपटायचं तिनं, वेण्या घालायच्या तिनं. तिचा स्वतःचा हात कुणी हातात घेतो तो कासारणीपुरता. आणि नवरा गेला की बांगड्या फोडतात, म्हणजे तेही संपलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता सगळ्या गावांपुढे ठेवला. ठरावानं बांगड्या राहतील; हात हातात घेणारं माणूस मात्र घरातलंच लागेल.

तुमच्या घरी सासूबाई, आत्या, कुणी एकटी असेल तर विचारून बघा, "तेल घालू का डोक्याला?" खोबरेल कोमट करा. बोटं घाईनं फिरवू नका. आपल्या कातडीत हळुवार स्पर्शासाठी खास मज्जातंतू असतात, आणि सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या संथ गतीलाच ते उत्तम जागे होतात. म्हणजे वीतभर अंतराला पाच सेकंद. फणी कपाळापासून मागे न्या, बोललात तर हळू बोला. त्यांना शिरशिरी येईल न येईल, डोळे मिटतात का ते बघा. आणि मध्येच उठू नका. दूध आधीच गॅसवरून उतरवून ठेवा.