‘मेमोरियल’ या शब्दाचा अर्थ

‘मेमोरियल’ हा इंग्रजी शब्द स्मृतिवाचक लॅटिन शब्दापासून आला आहे. मराठीत त्यासाठी ‘स्मारक’ हा शब्द रूढ आहे. परंतु कंपनी सरकारच्या काळात वरिष्ठांकडे पाठविलेल्या विनंतिअर्जालाही ‘मेमोरियल’ म्हणत असत. अर्ज आणि वास्तू यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. तथापि दोहोंचे कार्य एकच, ते म्हणजे कोणाला तरी आठवण करून देणे. ‘स्मारक’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ ‘आठवण करून देणारे’ असाच आहे.

या अर्थाचे उत्तम उदाहरण जबलपूरच्या परिसरात आढळते. गोंडवनाची राणी दुर्गावती हिने १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान याच्या सैन्याशी झुंज दिली आणि पराभव अटळ दिसताच शत्रूच्या हाती न पडता स्वतःच्या हाताने मरण पत्करले. बरेला गावाजवळ तिची समाधी आहे. तेथून जाणारे वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांपैकी सुंदरसा खडा निवडून आदराने समाधीवर ठेवीत, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. पुढे १९८३ साली जबलपूर विद्यापीठाला राणीचे नाव देण्यात आले.

नाव एकदाच दिले जाते आणि नित्याच्या वापरात त्यामागील व्यक्तीचा विसरही पडू शकतो. खडा मात्र प्रत्येक वाटसरूला स्वतः शोधून, वाकून उचलावा लागे. आठवण करून देण्याचे कार्य थांबले, तर उरतो तो केवळ दगड. त्यास स्मारक म्हणता येणार नाही.