पंपावरचा आळ: बीटलच्या इंजिनातील ऑईलचा दाब

फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची फेरबांधणी झाल्यावर, ते तापताच ऑईलचा दाब खाली आला, की दोष पंपाचा ठरवून त्याच्या जागी मोठ्या गिअरांचा पंप बसवावा, हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. त्यामागील समजूत अशी, की दाब पंप निर्माण करतो. वस्तुतः पंप केवळ प्रवाह देतो. दाब उत्पन्न होतो तो त्या प्रवाहाला पुढे होणाऱ्या अडथळ्यातून, आणि या इंजिनात तो अडथळा म्हणजे मुख्यतः क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांच्यामधील बारीक फट, जिला कारागीर क्लिअरन्स म्हणतात. दाब आणि श्यानता, म्हणजे ऑईलच्या थरांचा वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, कायम असताना अशा फटीतून निसटणारे ऑईल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. नंतरच्या १६०० सीसी इंजिनांतील पंपाचे २६ मिलिमीटर लांबीचे गिअर काढून ३० मिलिमीटरचे बसवल्यास पुरवठा वाढतो तो जेमतेम पंधरा टक्के. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशा प्रकारच्या या दुरुस्तीने गेजचा काटा किंचित वर सरकतो, आणि तेवढ्यावर निदान बरोबर ठरल्याचे समाधान मानले जाते, हे अधिक चीड आणणारे आहे.

फेरबांधणी केलेल्याच इंजिनात ही फट का वाढावी, याचे उत्तर केसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या दोन अर्धकांच्या कवचात आहे. हे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असून ते तापल्यावर पोलादी क्रँकच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. शिवाय मूळ क्रँकला प्रतिभार नसल्यामुळे तो वेगात लवतो आणि मधल्या बेअरिंगची बैठक ठोकून ठोकून सैल करतो. अशा जुन्या केसचे लाईन बोअरिंग, म्हणजे बेअरिंगांच्या बैठका एका रेषेत पुन्हा कोरून घेण्याचे काम, न करता त्यात नवी बेअरिंगे बसवली, किंवा क्रँक घासून घेतल्यावर त्या मापाची बेअरिंगे निवडली नाहीत, तर थंड अवस्थेत सर्व काही ठीक दिसते आणि ऑईल पातळ झाल्यावरच खरे रूप उघड होते.

म्हणून निदानाची सुरुवात पाना हाती घेऊन नव्हे, तर मापनाने व्हावी. डॅशबोर्डवरील दिव्याचा स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज जोडावा आणि दाबाबरोबर ऑईलचे तापमानही नोंदवावे, कारण तापमानाशिवाय दाबाच्या आकड्याला अर्थ नाही. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील किमान मर्यादा एसएई ३० ऑईल, ७० अंश सेल्सियस आणि मिनिटाला २५०० फेरे या स्थितीत २८ पीएसआय अशी आहे. ऑईल ११० अंशांवर असताना याच आकड्याचा आग्रह धरणे चूक आहे, आणि तेथे पंख्याच्या हवेला वाट देणारे पत्रे व रबरी पट्ट्या जागेवर आहेत का, हे आधी पाहिले पाहिजे. दाब थंडीत चांगला आणि गरम झाल्यावर कोसळणारा असेल, तर संशय प्रथम फटींवर जातो. थंडीतही तो कमी असेल, तर इंजिनाखालचा दाब-नियंत्रक व्हॉल्व्ह, म्हणजे स्प्रिंगवर सरकणारा छोटा दट्ट्या, उघडा अडकला आहे का, सफाईसाठी काढलेला ऑईलमार्गाचा एखादा प्लग बसवायचा राहून गेला आहे का, आणि ऑईल ओढणारी नळी केसमध्ये सैल होऊन पंप हवा खेचतो आहे का, हे तपासावे.

पंप कधीच दोषी नसतो, असे मात्र म्हणता येणार नाही. गिअरांच्या तोंडापासून झाकणापर्यंतची फट ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, झाकणावर चरे पडले असतील किंवा कागदी गॅस्केट गरजेपेक्षा जाड असेल, तर ऑईल पंपाच्या आतच मागे फिरते. आणि सपाट गिअरच्या कॅमशाफ्टसाठी असलेला पंप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस आलेल्या खोलगट गिअरच्या कॅमशाफ्टला चालत नाही. सरळपट्टी आणि फिलर गेज यांनी काही मिनिटांत होणारी ही तपासणी टाळून थेट नवा पंप विकत घेणे हा आळस आहे.

जाड ऑईल घातले की प्रश्न मिटतो, हा समज तर अपायकारक आहे, कारण अति घट्ट ऑईलच्या दाबाने नियंत्रक व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यातील बराच भाग कूलरला वळसा घालून थेट बेअरिंगांकडे जातो आणि इंजिन अधिक तापते. दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा, हेही खरे नाही. त्याचा स्विच साधारण २ ते ६ पीएसआयलाच दिवा विझवतो. इंजिन काही शे किलोमीटर चालून ‘बसले’ की दाब वाढेल, अशी आशा दाखवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की घासून बसतात त्या पिस्टनच्या रिंगा. बेअरिंगची फट वापराने फक्त वाढतच जाते.