औषधाची चिठ्ठी कोणाच्या हाती?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. तेथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गुरांना औषध योजण्याची विद्या संपादन करण्यास विद्यार्थ्याची पाच वर्षांहून अधिक काळ खर्ची पडतात. तथापि शेतकऱ्याच्या गोठ्यात पुष्कळदा प्रथम पोहोचतो तो पदवीधर पशुवैद्य नव्हे, तर पशुधन पर्यवेक्षक. त्याने कोठवर जावे याची मर्यादा १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने आखून दिली आहे. लस टोचणे, खच्चीकरण, जखम बांधणे आणि राज्य सरकारने नेमून दिलेले किरकोळ उपचार, एवढेच त्याने करावे. आणि तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

गुरांच्या बाबतीत कायद्याने ओढलेली ही रेघ माणसांच्या बाबतीत कोठे ओढावी? गावच्या उपकेंद्रात डॉक्टर क्वचितच असतो. असते ती नर्सबाई. रात्री तान्हे मूल दूध ओढीनासे झाले, त्याची छाती आत जाऊ लागली, म्हणजे आई तिचेच दार ठोठावते. औषध कपाटात आहे आणि ते देण्याची आज्ञा करणारा मात्र कित्येक कोस दूर आहे, अशी ही विचित्र अडचण होय.

या अडचणीचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात, शोधले गेले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालकांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे असे दिसल्यावर त्यांनी गावातील कार्यकर्त्यांना व सुइणींनाही तो ओळखण्यास आणि त्यावर गोळ्यांचे औषध देण्यास शिकविले. न्यूमोनियात मुलाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे लक्षण समजावे. पण निरक्षर सुईण साठापर्यंत मोजणार कशी? तिच्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी अशी युक्ती योजण्यात आली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर रोग आहे असे जाणावे. निदानासारखी गहन गोष्ट अशी मण्यांवर येऊन बसली! सुइणीला सारे वैद्यक शिकविण्याचा खटाटोप कोणी केला नाही, हेच त्या योजनेतील शहाणपण.

पुढे १९९५ पासून पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना ३९ गावांत नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिन हे औषध सुईने टोचण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. हे औषध प्रमाणाबाहेर गेल्यास मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय करते. म्हणून बाळाचे वजन अचूक घेणे हा त्या शिक्षणाचा केवळ आरंभीचा पाठ नसून त्याचा कणाच होता. १९९३ ते ९५ या काळात त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी ६२ महिन्याच्या आत दगावत. २००१ ते २००३ या काळात ही संख्या २५ वर आली. २०१४ मध्ये केंद्र सरकारने नर्सबाईंनाही हे औषध टोचण्याची परवानगी दिली. रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा द्यावी, आणि कुटुंबाला जाणे अशक्यच असेल तर तोंडाने द्यावयाच्या दुसऱ्या औषधासह सात दिवसांचा क्रम पुरा करावा, अशी ती परवानगी आहे.

डॉक्टरांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ज्याला औषधाचे नाव ठाऊक आहे पण ते कोठे देऊ नये हे ठाऊक नाही, अशा माणसाच्या हातून जंतुनाशकांची उधळण होते आणि जंतू त्या औषधाला जुमानीनासे होतात. पण हा दोष पदवीधरांच्या चिठ्ठ्यांतही आढळतो, हे विसरून कसे चालेल? शिवाय डॉक्टर चिठ्ठी लिहून पुढच्या रुग्णाकडे वळतो. औषध दिल्यावर पुरळ उठले, उलटी झाली, नाडी मंदावली, हे प्रथम पाहते ती परिचारिकाच.

इंग्लंडात याचा आरंभ १९९४ मध्ये आठ ठिकाणी, थोडक्या औषधांच्या यादीने झाला. २००६ मध्ये तेथील विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना, आपल्याला अवगत असलेल्या क्षेत्रापुरती, जवळजवळ सर्व औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. त्या वर्षीच्या नियमांनुसार निदान तीन वर्षांचा अनुभव, सव्वीस दिवसांचे अध्ययन आणि बारा दिवस डॉक्टराच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम, एवढे केल्यावाचून तो हाती येत नसे.

आपल्याकडे २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमण्यात येऊ लागलेल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांत पुष्कळ परिचारिका आहेत. त्यांना सहा महिन्यांचे शिक्षण मिळते. रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध डॉक्टराने एकदा ठरवून दिले की ते पुढे चालू ठेवणे त्यांच्याकडे असते. परंतु नव्या रुग्णाचा रक्तदाब त्यांनीच प्रथम मोजला आणि तो भलताच चढलेला निघाला, तर चिठ्ठीसाठी त्याला डॉक्टराकडेच धाडावे लागते. आणि मजुरी बुडवून तो तेथे जाईलच, असे नाही.