भुयारी रेल्वेचे मार्ग कसे जोडले जातात?

नकाशावर दोन रेषा एकमेकींस छेदताना दिसल्या की ते दोन मार्ग तेथे मिळतात, असे मुलांस सहज वाटते. जमिनीवरील रस्त्यांच्या बाबतीत ते बहुधा खरेही असते. परंतु जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेस हा नियम लागू पडत नाही. तेथे एक मार्ग दुसऱ्याच्या खालून निघून जातो, आणि वरच्या गाडीतील प्रवाशास खालच्या गाडीची चाहूलही लागत नाही. मार्गांचे छेदणे निराळे आणि मार्गांचे जोडले जाणे निराळे. हा भेद समजून घेण्यास लंडन शहराच्या भुयारी रेल्वेचे उदाहरण फार उपयोगी आहे.

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडन येथे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा तिचा मार्ग सुमारे ६ किलोमीटर लांबीचा असून त्यावर वाफेची इंजिने धावत. रस्ता खणावयाचा, खड्ड्यात रूळ घालावयाचे, वर छत घालून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी त्या बांधणीची रीत होती. म्हणून हे मार्ग उथळ राहिले. पुढे १८९० मध्ये मातीच्या खोल थरातून नळीसारखा गोल बोगदा काढून विजेवर चालणारी गाडी सुरू करण्यात आली. अशा रीतीने शहराखाली मार्गांचे दोन प्रकार निर्माण झाले. उथळ मार्गांवरील उंच डबे खोल नळीत मावत नाहीत. त्यामुळे एका प्रकारची गाडी सर्वत्र फिरविणे अशक्य आहे. गाडी जाऊ शकत नाही तेथे प्रवाशानेच गाडी बदलली पाहिजे.

ही अदलाबदल प्रारंभापासून सोयीची नव्हती. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या हिशेबाने मार्ग काढले होते. सेंट्रल मार्गाचे 'ब्रिटिश म्युझियम' हे स्थानक १९०० मध्ये उघडले. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर पिकॅडिली मार्गाचे 'होबर्न' स्थानक १९०६ मध्ये उघडले. जमिनीखाली दोन्ही मार्ग एकमेकांजवळून जात होते. परंतु एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशास वर येऊन रस्त्यावरून पायी जावे लागे. १९१३ मध्ये दोन्ही मार्ग एकाच उद्योगसमूहाकडे आले. तरीही ही पायपीट संपावयास १९३३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी होबर्न येथेच सेंट्रल मार्गाचे फलाट बांधण्यात आले व जुने स्थानक बंद झाले. रूळ जवळ होतेच. जोडणारी वाट मात्र माणसाला मागाहून बांधावी लागली.

आज लंडनमध्ये मार्ग जोडण्याचे तीन प्रकार दिसून येतात. पहिला, एकाच रुळांवरून दोन वा अधिक मार्गांच्या गाड्या धावणे. सर्कल मार्गाच्या गाड्या बहुतेक ठिकाणी इतर उथळ मार्गांच्याच रुळांवरून जातात. दुसरा, एकाच फलाटाच्या दोन बाजूंस दोन मार्गांच्या गाड्या येणे. १९६८ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेल्या व्हिक्टोरिया मार्गाच्या रचनेत या सोयीवर विशेष भर देण्यात आला. पॅडिंग्टनहून ब्रिक्स्टनला जाणारा प्रवासी बेकरलू मार्गाने ऑक्सफर्ड सर्कस येथे येतो आणि फलाटाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन व्हिक्टोरिया मार्गाची गाडी धरतो. जिना चढण्याचे कारण नाही. तिसरा प्रकार म्हणजे निरनिराळ्या खोलीवरील फलाट जिन्यांनी व बोळांनी जोडणे. या रेल्वेवरील पहिला सरकता जिना १९११ मध्ये अर्ल्स कोर्ट येथे बसविण्यात आला, तो डिस्ट्रिक्ट व पिकॅडिली या दोन मार्गांचे फलाट जोडण्यासाठीच. किंग्ज क्रॉस येथे तर सहा मार्ग एकत्र येतात: तीन उथळ व तीन खोल.

ही गुंतागुंत प्रवाशास समजावी कशी? हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ मध्ये त्यावर उपाय शोधला. त्याने सर्व मार्ग आडव्या, उभ्या व तिरप्या सरळ रेषांनी दाखविले, प्रत्येकास वेगळा रंग दिला आणि खऱ्या अंतराचे प्रमाण सोडून दिले. आराखडा प्रथम नाकारला गेला. १९३३ मध्ये छापला गेला तेव्हा लोकांनी तो उचलून धरला. लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन यांच्यामध्ये जेमतेम पाव किलोमीटर, तर चाल्फंट अँड लॅटिमर व चेशम यांच्यामध्ये सहा किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. हा फरक त्या आराखड्यावरून कळत नाही. परंतु भुयारातील प्रवाशास अंतर नव्हे, तर कोठे चढावे, कोठे बदलावे व कोठे उतरावे एवढेच जाणून घ्यावयाचे असते. आणि ते अचूक कळते. मात्र हाच कागद घेऊन कोणी रस्त्याने चालू लागला तर तो फसेल.

वर्गात हा पाठ साध्या साधनांनी देता येईल. शिक्षकांनी एक रंगीत दोरी जमिनीवर व दुसरी दोन बाकांवरून आडवी ताणावी. वरून पाहिले असता दोऱ्या एकमेकींस छेदतात. "एकीवरून दुसरीवर कसे जाल?" असे विचारावे. थोड्या विचारानंतर एखादा विद्यार्थी "जिना पाहिजे" असे म्हणेल. त्यानंतर दोन्ही दोऱ्या फळ्यावर रेषांनी काढून जिन्याच्या जागी वर्तुळ काढावे. आजच्या लंडनच्या नकाशात गाडी बदलण्याच्या स्थानकास अशाच वर्तुळाची खूण असते. पुढे मुलांनी आपल्या तालुक्यातील एस.टी.चे मार्ग व गाडी बदलण्याचे फाटे याच पद्धतीने काढावेत आणि तो कागद तालुक्याच्या प्रमाणबद्ध नकाशाशेजारी लावावा.

दोन्ही कागद पाहून मुले विचारतील, "यांतला खरा कोणता?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी घाईने देऊ नये. कोणत्या कामासाठी कोणता कागद हाती घ्यावा, हे मुलांनीच ठरवावे. ज्याला हे ठरविता आले, तो नकाशा वाचावयास शिकला असे समजावे.