मिस्सेत भजन कसे आले?

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचे वळण दिले. मात्र टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कॅथलिक चर्चची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्येच होत होती.

कॅथलिक धर्मसंघांना देशी छंदाचे वावडे होते असे नव्हे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. ओवीला भाविकांच्या जीवनात स्थान मिळाले. पण मिस्सेच्या विधीत मात्र तिला प्रवेश नव्हता. तेथे लॅटिन शब्द आणि 'ग्रेगोरियन' गायन यांचाच अधिकार चाले.

ही चौकट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) सैल केली. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्राने लोकभाषांना वाव दिला. त्यातच ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान कायम ठेवण्यास सांगितले होते आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे तिचा आदर करावा असेही बजावले होते. या दोहोंचा मेळ घालणे सोपे नव्हते.

ग्रेगोरियन गायन एकसुरी असते. सारे एकच चाल गातात. त्याला तालाचे आवर्तन नसते. चाल लॅटिन शब्दांच्या आघातांमागून जाते. तिच्यावर मराठी शब्द तसेच बसविले, तर ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ तुटते आणि अर्थ हरवतो. म्हणून केवळ भाषांतर पुरेसे नव्हते. नवी चाल हवी होती.

वाट सापडली ती स्तोत्रांच्या रचनेत. मिस्सेतील स्तोत्रात एक गायक कडवी म्हणतो आणि समुदाय ठरावीक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. भजनातील ध्रुवपदाचे कामही हेच. ही ओळ सोप्या चालीत व तालात बांधली की पुस्तकाविना सर्वांना गाता येते. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी हिंदी भजनांचे प्रयोग परिषदेपूर्वीच आरंभिले होते. ते जर्मन होते आणि 'सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड' या संघाचे होते. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा अनुकूलने मान्य केली. हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसणे आणि आरती यांना त्यामुळे अधिकृत स्थान मिळाले.

विरोधही झाला. काहींना आरती व भजन हिंदू पूजेचे अनुकरण वाटले. काहींना शतकांचे लॅटिन गायन लोप पावल्याची खंत वाटली. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. मिस्सेचा पाठ ठरलेला असतो, तर भजनाची रचना कवी आपल्या मनाने करतो. त्यामुळे पाठाच्या जागी भजन म्हणावे की पाठालाच भजनाची चाल द्यावी, हा प्रश्न उरतो. पहिल्या मार्गाने गाणे सहज रंगते, पण नेमलेले शब्द सुटतात. दुसऱ्या मार्गाने शब्द टिकतात, मात्र संगीतकाराला गद्य ओळी तालात बसविण्याची कसरत करावी लागते. गायकवृंदाबरोबर सारा समुदायही गाऊ लागावा, हे परिषदेला अभिप्रेत होते. दोन्ही मार्गांची पारख त्याच कसोटीवर व्हायला हवी.