उपयोजक मंडळे, संगणकीय

उपयोजक मंडळे, संगणकीय : एखाद्या विशिष्ट संगणकाचा, संगणकभाषेचा अथवा आज्ञावली-प्रणालीचा नित्य वापर करणाऱ्या व्यक्तींनी व संस्थांनी स्वेच्छेने स्थापन केलेल्या संघटना. आज्ञावल्यांची देवघेव करणे, प्रणालीतील दोष नोंदवून ते निर्मात्याच्या निदर्शनास आणणे, नवशिक्यांना मार्गदर्शन करणे आणि परिषदा व नियतकालिके चालविणे ही या मंडळांची प्रमुख कार्ये होत. कालबाह्य होत चाललेल्या संदर्भपुस्तिका अद्ययावत करणे हे त्यांचे आणखी एक कार्य असून, निर्मात्याने लक्ष काढून घेतल्यानंतरही अनेक प्रणाली उपयोगात टिकून राहिल्या त्या मुख्यतः या कार्यामुळे.

संदर्भपुस्तिका जुनी होण्याची कारणे : शब्दकोशातील जुना शब्द वापरातून गेला, तरी जुने ग्रंथ वाचण्यासाठी त्याचा उपयोग राहतो. संगणकीय संदर्भपुस्तिकेचे तसे नसते. प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की पुस्तिकेतील विधाने तीन प्रकारांनी निरुपयोगी होतात. काही आज्ञा बंद पडतात. काही चालू राहतात, पण त्यांचा वापर त्याज्य ठरतो. तर पूर्वी आवश्यक असलेले काही उपचार अनावश्यक होतात. बंद पडलेली आज्ञा वाचकाला ताबडतोब कळते, कारण संगणक ती स्वीकारत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील दोष मात्र वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत आणि एका पुस्तिकेतून दुसरीत उतरत जातात. असे दोष प्रथम जाणवतात ते रोज काम करणाऱ्या उपयोजकांना. म्हणूनच सुधारणेचा आरंभ बहुधा त्यांच्याकडून होतो.

इतिहास : या प्रकारचे पहिले महत्त्वाचे मंडळ ‘शेअर’ हे होय. आयबीएम ७०४ हा संगणक घेणाऱ्या, प्रामुख्याने लॉस अँजेल्स परिसरातील विमाननिर्मिती व संशोधन क्षेत्रांतील संस्थांनी ते १९५५ मध्ये स्थापन केले. प्रत्येक संस्था त्याच त्या आज्ञावल्या स्वतंत्रपणे लिहीत होती. ही द्विरुक्ती टाळणे हा मंडळाचा मूळ हेतू होता. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांच्या उपयोजकांचे ‘डेकस’ हे मंडळ १९६१ मध्ये निघाले. युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. या प्रणालीच्या उपयोजकांचे मंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले व पुढे ‘युझेनिक्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. बर्कली विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्सच्या पुस्तिका या मंडळानेच १९८६ मध्ये छापून काढल्या.

टेक प्रणालीचे उदाहरण : अनेक देशांतील मंडळांनी मिळून संदर्भसाहित्य सुधारल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली. आपल्या ग्रंथाच्या छायाजुळणीने केलेल्या मुद्रितांचा दर्जा पाहून असमाधानी झालेल्या डॉनल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिच्या रचनेस आरंभ केला. तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथातील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट देण्याची प्रथा क्नूथ यांनी पाडली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारलेली, वापरास अधिक सुलभ अशी लाटेक प्रणाली रचली व तिची पुस्तिका १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये लाटेकची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा या पुस्तिकेचीही दुसरी आवृत्ती निघाली. त्यानंतर मात्र ती पुन्हा सुधारण्यात आली नाही.

प्रणाली मात्र बदलत राहिली. पहिल्या पुस्तिकेच्या काळातील ठळक व तिरप्या अक्षरांच्या आज्ञा एकापाठोपाठ दिल्यास दुसरी आज्ञा पहिलीला रद्द करीत असे. १९९४ नंतरच्या आज्ञांनी एकच शब्द ठळक व तिरपा असा दोन्ही करता येऊ लागला. अनेक ओळींची समीकरणे मांडण्यासाठी लॅम्पोर्ट यांनी दिलेल्या रचनेत बरोबरीच्या चिन्हाभोवती फाजील जागा सुटते. तिच्याऐवजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने पुरविलेली रचना श्रेयस्कर ठरली. २०१८ पासून युनिकोड अक्षरांकन प्रणालीने गृहीतच धरल्यामुळे ते स्वतंत्रपणे घोषित करण्याची गरज उरली नाही. तरीही पूर्वीच्या आज्ञा बऱ्याच अंशी चालू असल्याने जुन्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्यास आपले काही चुकते आहे, हे समजत नाही.

टेक उपयोजकांचे पहिले मंडळ १९८० मध्ये अमेरिकेत स्थापन झाले. पाठोपाठ फ्रेंच भाषकांचे (१९८८), जर्मन भाषकांचे व ब्रिटनमधील (दोन्ही १९८९) अशी मंडळे निघाली. ब्रिटिश मंडळाच्या समितीने नित्य विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा एक जुना संग्रह हाती घेऊन त्याची फेररचना केली आणि १९९४ मध्ये तो आपल्या नियतकालिकात छापला. केंब्रिज येथील रॉबिन फेअरबेर्न्स यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले. पुढे हे काम उपयोजकांच्या व्यापक समूहाकडे गेले. आता प्रत्येक उत्तर ही स्वतंत्र नोंद असून ती इतरांना न अडवता सुधारता येते. त्याज्य आज्ञा व त्यांचे पर्याय सांगणारी एक छोटी पुस्तिका प्रथम जर्मन भाषेत लिहिली गेली आणि तिची इंग्रजी, फ्रेंच इ. भाषांतरे झाली. सर्व साहित्याचा सामायिक संग्रह व निरनिराळ्या मंडळांच्या सहकार्याने १९९६ पासून निघणारा ‘टेक लाइव्ह’ हा संच यांमुळे सुधारलेली पुस्तिका व ती ज्या आवृत्तीचे वर्णन करते ती आवृत्ती एकाच वेळी उपयोजकाच्या हाती पडू लागली.

स्वामित्वहक्काचा प्रश्न : जुन्या ग्रंथात सुधारणा करण्याची तयारी असली, तरी तसा अधिकार असतोच असे नाही. लॅम्पोर्ट यांच्या पुस्तिकेचे हक्क सुरक्षित असल्याने मंडळांना तिच्यात हात घालता येत नव्हता. यावर उपाय म्हणून मुक्त परवान्याखालील, अनधिकृत म्हणूनच ओळखली जाणारी वेगळी संदर्भपुस्तिका वाढविण्यात आली. १९८८ मध्ये स्टीव्हन गिलमोर यांच्यापासून सुरू झालेल्या या मजकुरावर १९९४–९६ या काळात टॉर्स्टन मार्टिनसन यांनी काम केले. २००७ पासून अमेरिकेतील मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष कार्ल बेरी यांनी ते पुढे नेले. पुढे इतरांच्या सहभागाने तिची फ्रेंच व स्पॅनिश रूपेही तयार झाली. परवान्यात बदलास व पुनर्वितरणास मुभा असल्यामुळेच एकाचे काम दुसऱ्यास पुढे चालविता आले.

कार्यपद्धती : सहकार्याने होणाऱ्या अशा सुधारणेत सामान्यतः पुढील टप्पे आढळतात. प्रथम जुन्या पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरण चालू आवृत्तीवर चालवून पाहतात. नंतर चुकीची, त्याज्य व अपुरी विधाने वेगळी काढून ती सभासदांमध्ये वाटून दिली जातात. प्रत्येक बदलाची नोंद, तो करणाऱ्याचे नाव व कारण यांसह ठेवली जाते, म्हणजे चुकीचा बदल मागे घेता येतो. शेवटी एक किंवा दोन संपादक परिभाषा व मांडणी यांत एकवाक्यता आणतात. शेवटचा टप्पा सर्वांत कठीण असतो. अनेकांनी लिहिलेल्या नोंदींची बेरीज म्हणजे संदर्भग्रंथ नव्हे. शिवाय जुन्या आज्ञा पुस्तिकेतून पूर्णपणे वगळाव्यात की नाही, याबद्दल मतभेद होतात. त्या वगळल्यास जुने दस्तऐवज वाचणाऱ्याची अडचण होते, ठेवल्यास नवशिक्याची दिशाभूल होते. त्या ‘केवळ जुन्या लेखनासाठी’ अशा सूचनेसह वेगळ्या देणे हा यावरील उपाय होय.

भारत व मराठी : भारतीय टेक उपयोजक मंडळ १९९८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे स्थापन झाले. आंतरराष्ट्रीय मंडळाची वार्षिक परिषद २००२ व २०११ मध्ये तेथे भरली. भारतीय मंडळाने लाटेकचे एक प्राथमिक पुस्तक २००३ मध्ये तयार केले. देवनागरीसाठी नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये एक संच रचला. त्यात मजकूर रोमन अक्षरांत लिहून तो एका पूर्वप्रक्रियेने देवनागरीत आणावा लागे. अक्षरांच्या मुंबई व कलकत्ता या दोन्ही वळणांची सोय त्यात पुढे उपलब्ध झाली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आल्यावर युनिकोडमधील मराठी मजकूर थेट जुळविता येऊ लागला आणि पूर्वप्रक्रिया शिकविणारी जुनी मार्गदर्शिका बहुतेकांसाठी अनावश्यक झाली. त्याऐवजी नव्या सूचनांची गरज उत्पन्न झाली. उदा., मजकुराची भाषा मराठी असल्याचे प्रणालीला सांगितले, तरच योग्य टंकात ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे उमटतात आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे मराठी नियम लागू होतात. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व लेखन यांविषयी २००९ व २०२२ मध्ये निर्णय काढले असल्याने अशा सूचना शासकीय प्रमाणाशीही जुळत्या ठेवाव्या लागतात.

कालबाह्य पुस्तिकेचा सर्वाधिक फटका शिक्षकापासून दूर राहून शिकणाऱ्यांना बसतो. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शिक्षणपद्धती स्वयं-अध्ययनाच्या साहित्यावर उभी आहे. अशा पद्धतीत पुस्तकातील उदाहरण चालले नाही, तर ते का चालले नाही हे सांगणारे शेजारी कोणी नसते आणि विद्यार्थी दोष स्वतःकडे घेतो. मोठ्या शहरांतील संस्थांत जी उणीव तोंडी मार्गदर्शनाने भरून निघते, ती येथे पुस्तिकेनेच भरून काढावी लागते. तंत्रविषयक साहित्य प्रादेशिक भाषेत केवळ एकदा भाषांतरित करून भागत नाही. मूळ बदलले की भाषांतरही बदलावे लागते आणि त्यासाठी त्या भाषेतील उपयोजकांचा कायम गट असावा लागतो.

मर्यादा : मंडळांचे काम विनावेतन चालत असल्याने ते थोड्या व्यक्तींच्या उत्साहावर अवलंबून असते. दीर्घकाळ एकाच संपादकाने सांभाळलेला ग्रंथ त्याच्यामागे पुन्हा जुना होऊ लागतो. माहिती सर्वत्र सहज मिळू लागल्याने मंडळांचे सभासद होण्याची निकडही कमी झाली आहे. तथापि विखुरलेल्या उत्तरांपैकी कोणते कोणत्या आवृत्तीस लागू पडते, हे तपासून देण्याची जबाबदारी कोणी तरी स्वीकारावी लागते. निर्माता ती घेत नसेल, तेथे उपयोजक मंडळांना पर्याय राहत नाही. [⟶ मुद्रण, संगणक].