बचनाग : नाव एक, वनस्पती दोन

पावसाळा स्थिरावला की विदर्भातील झुडपी जंगलात, नाल्याकाठी आणि शेतांच्या कुंपणांवर एक वेल अग्निज्वालेसारखी फुलते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या नरखेड तालुक्यातील वैद्यांना ती नवी नाही. कोणी तिला कळलावी म्हणतात, कोणी खड्यानाग, तर कोणी बचनाग. यांपैकी शेवटचे नाव वैद्य व औषधनिर्माते या दोघांनीही सावधपणे ऐकावयास हवे. कारण रसग्रंथांतील वत्सनाभासही बाजारात बचनागच म्हणतात.

अधिवास

वत्सनाभ म्हणजे अकोनिटम फेरॉक्स. ही हिमालयातील वनस्पती असून साधारण २००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, थंड व ओलसर उतारांवर वाढते. तिची फुले निळसर व टोपीच्या आकाराची असतात. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड सुमारे १३५० मीटर, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. आपल्या राज्यातील कोणत्याही डोंगरावर वत्सनाभ नैसर्गिकरीत्या उगवत नाही. म्हणून स्थानिक रानातून खणून आणलेला ‘बचनाग’ वत्सनाभ असणे शक्य नाही. बहुधा तो कळलावीचा कंद असतो.

कळलावी म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा, आपल्या संहितांतील लांगली. उष्ण प्रदेशातील पानझडी जंगले, झुडपे व कुंपणे हा तिचा अधिवास. पानाचे टोक लांबून त्याचा ताणा होतो व त्याच्या आधाराने वेल चढते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागे वळलेल्या असून प्रथम पिवळ्या, पुढे लाल होतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प असून तेथे बियांसाठी तिची लागवड केली जाते.

नामविचार

कंद नांगरासारखा वाकडा म्हणून लांगली व हलिनी, फुलावरून अग्निशिखा, गर्भाशयावरील तीव्र क्रियेमुळे गर्भपातिनी. प्रसूतीच्या कळा आणणारी ती कळलावी. ही वेल घरात आणल्यास भांडणे लागतात, असा लोकसमज याच शब्दावरून रूढ झाला असावा. त्याने निदान मुलांचे हात या कंदापासून दूर राहिले, हा त्याचा लाभच म्हणावा लागेल.

विषभेद

सुश्रुताचार्यांनी वत्सनाभाची गणना तेरा कंदविषांत केली आहे. लांगली उपविषांत मोडते. दोहोंची क्रिया अगदी भिन्न आहे. वत्सनाभातील अकोनिटिन हृदय व नाड्यांवर आघात करते. ओठ व जिभेस मुंग्या येणे, बधिरता, वमन आणि हृद्गतीतील गंभीर अनियमितता ही लक्षणे काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत दिसतात. लांगलीतील कॉल्चिसिन पेशीविभाजन रोखते. काही तासांनी तीव्र वमन व अतिसार सुरू होतो. ते थोडे शमल्यावर रुग्ण सावरला असे वाटते. परंतु पुढील काही दिवसांत अस्थिमज्जेचा ऱ्हास व वृक्कांचा बिघाड संभवतो. वाचलेल्या रुग्णाचे केस साधारण दोन आठवड्यांनी गळतात. म्हणून लांगलीविषाच्या रुग्णास उलट्या थांबताच घरी पाठवू नये. दोन्ही विषांत विलंब न करता सुसज्ज रुग्णालयात पाठविणे हाच मार्ग होय.

शोधन व मात्रा

वत्सनाभाचे लहान तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात, ते प्रतिदिनी बदलून ठेवावेत, अथवा दोलायंत्राने गोदुग्धात स्वेदन करावे, असा संप्रदाय आहे. उकळण्याने अकोनिटिनचे विघटन होऊन तुलनेने सौम्य द्रव्ये बनतात. लांगलीसाठी एक दिवस गोमूत्रात ठेवण्याचा विधी आहे. तिच्यातील कॉल्चिसिन मात्र उष्णतेने सहज नष्ट होत नाही. एकाचे शोधन दुसऱ्यास लागू पडत नाही. मात्रेचेही तसेच. शुद्ध वत्सनाभ काही मिलिग्रॅम एवढेच दिले जाते, लांगलीची मात्रा त्याहून कितीतरी पटींनी अधिक. लांगली समजून त्या मात्रेत वत्सनाभ गेल्यास प्राणहानी होईल. उलट, त्रिभुवनकीर्ती वा आनंदभैरव रसात वत्सनाभाऐवजी लांगली पडल्यास कल्पाचे अपेक्षित कार्य होणार नाही आणि गर्भिणीस निष्कारण धोका संभवेल.

औषधालयांसाठी दक्षता

१. खरेदीपत्रकावर केवळ ‘बचनाग’ असे लिहू नये. वत्सनाभ अथवा लांगली हे शास्त्रीय नाव व वनस्पतिनाम दोन्ही नोंदवावे.

२. कंद अखंड स्वरूपातच घ्यावा. वत्सनाभाचे मूळ शंकूसारखे निमुळते व काळपट. लांगलीचा कंद दोन बाहूंचा, आतून पांढरा. काप केल्यावर हा आकारभेद लोपतो व चूर्णात तर उरतच नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शकाची व रासायनिक परीक्षा अपरिहार्य ठरते.

३. दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहेत. पोटात घ्यावयाच्या कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. दोन्ही द्रव्ये स्वतंत्र कुलुपात ठेवावीत.

४. कंद आणणाऱ्या संग्राहकास फुलासह वेलीचा नमुना आणावयास सांगावे. कळलावी पावसाळ्यात फुलते व नंतर वेल सुकते. त्यामुळे नमुन्याचा संग्रह त्याच काळात करून ठेवावा.

कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने तो खाल्ला जाण्याचे प्रसंगही घडतात. आपल्या गावातील शेतकरी व गुराखी यांना ही वेल फुलासह दाखवून ठेवणे, हे तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या वैद्यास सहज करता येण्याजोगे कार्य आहे. ‘बचनाग’ हे नाव कानी पडताच ‘कोणता?’ असे विचारण्याची सवय मात्र आपण सर्वांनीच लावून घ्यावयास हवी.